बालाघाटची घासाघीस

हबीब सर,

तुमच्या मातीला मी आलो होतो. अगदी मागं उभा होतो, म्हणून तुमच्या मुलांच्या ध्यानात आलं नसेल. माझी पाळी आली तेव्हा तीन मुठी माती टाकली आणि कुणाशी न बोलता दुकानात येऊन बसलो. माणूस गेला की त्याच्यावरचा राग सोडून द्यायचा असतो, असं सगळे सांगतात. मला ते जमलं नाही. बीडच्या कब्रस्तानातून परत येताना बसमध्ये मी तुमच्याशी भांडतच आलो. तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. तसे जिवंतपणीही भांडणात तुम्ही कमीच बोलायचा. राग त्याचाच जास्त आहे.

शाळेनं शोकसभा ठेवली तेव्हा मलाही बोलायला सांगितलं. मी नाही म्हणालो. तिथं जो तो उठून तुम्हाला शांत, संयमी, कुणालाही न दुखवणारे म्हणत होता. मी उभा राहिलो असतो तर सांगावं लागलं असतं, की या माणसानं मला दुखवलंय, आणि हिशेब मिटवायच्या आधीच हा निघून गेलाय. सभेत असं बोलता येत नाही. म्हणून इथं लिहितो.

आपली पहिली गाठ बाजाराच्या दिवशीची. वडवणी तेव्हा तालुका झालं नव्हतं. माझं दुकान स्टँडच्या मागं. पुढं पाट्या, वह्या, कंपासपेट्या आणि मागच्या शेडात गणपतीचे साचे. डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मूर्ती विकण्यापासून मी सुरुवात केली होती, आणि ते शेड मी स्वतः उभं केलं होतं. बीडाहून आमच्या शाळेवर नवे आलेले तुम्ही दुकानात आलात आणि प्लास्टरचं पोतं केवढ्याला म्हणून विचारलंत. मी भाव सांगितला. तुम्ही लगेच खिशात हात घातला. मला ते सहन झालं नाही. भाव न करता घेणारं गिऱ्हाईक समोर आलं की दुकानदाराला आपण चोर असल्यासारखं वाटतं.

मी म्हणालो, "सर, बीडात भाव करत न्हाईत का?"

"कावून? तुमी सांगितला तो खोटा हाय का?"

"खोटा न्हाई. पण शेवटचा बी न्हाई."

मग मीच तुम्हाला शिकवलं. गिऱ्हाइकानं नको म्हणायचं, पायरी उतरायची, कोपऱ्यापर्यंत जायचं. दुकानदार हाक मारतो. दुकानदारानंही आधी नाहीच म्हणायचं असतं, कारण पहिल्या 'नाही'नं फक्त बोलणं सुरू होतं, ते संपत नाही. तुम्ही वर्गातल्या पोरासारखं ऐकलंत, पायरी उतरलात, आणि मी हाक मारायच्या आधीच हसत परत वर आलात. शेवटी तुमच्या वतीनं भाव मीच कमी केला. उभ्या जन्मात मी स्वतःशी घासाघीस केली ती तेवढीच.

प्लास्टर कशाला, असं विचारलं तर म्हणालात, डोंगर करायचाय.

तुमचं दुखणं मला नंतर समजलं. नववीच्या पोरांना बालाघाटच्या रांगा कुठून कुठं जातात ते पाठ होतं. परीक्षेत लिहीत होती, मार्क मिळवत होती. पण तुम्ही वर्गात विचारलंत की बालाघाट पाहिलाय का कुणी, तेव्हा एकही हात वर झाला नाही. त्यातली निम्मी पोरं रोज घाट उतरून शाळेत येत होती. हे सांगताना तुम्ही हसला नाहीत. मी हसलो. तुम्ही म्हणालात, "आप्पा, पोरांचा भूगोल पुस्तकात हाय आन् पाय घाटात हायेत. दोघांची गाठ घालून द्यायची हाय."

मला तुमचं बोलणं पटलं, पण माझ्या मनात दुसरंच चालू होतं. त्या वर्षांत शाळांना काहीबाही विकणारी माणसं नव्यानंच फिरू लागली होती. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक. आत दिवा लागणारे पृथ्वीचे गोल, दिल्लीत छापलेले रंगीत तक्ते. बीडातल्या नव्या इंग्रजी शाळांनी ते घेतलेही. त्या गोलावर आख्खं जग होतं, पण बीड जिल्ह्यावर माशी बसली तर ती शेजारच्या जिल्ह्यांवरही बसत होती. दिल्लीवाला कितीही मोठा असला तरी तो आमचा घाट बनवणार नाही, हे मी त्याच दिवशी ताडलं. तुम्हाला वर्गासाठी एक डोंगर पाहिजे होता. मला त्या डोंगराचा साचा पाहिजे होता.

तो हिवाळा आठवतो का? शाळा सुटली की तुम्ही शेडात यायचा. नकाशावरच्या एकेका समोच्च रेषेप्रमाणे पुठ्ठा कापायचा, एकावर एक चिकटवायचा, म्हणजे पायऱ्या पायऱ्यांचा डोंगर उभा राहतो. मग पायऱ्या प्लास्टरनं भरून उतार करायचा. मला पहिल्यांदा समजलं की नकाशावरच्या त्या किड्यांसारख्या रेषांना काही अर्थ असतो. तुम्ही मात्र दर रेषेला पुठ्ठ्याचा एकच थर लावत होता आणि डोंगर काही केल्या दिसत नव्हता. मी म्हणालो, हा जिल्हा हाय का भाकर? तुम्ही म्हणालात की खऱ्या मापानं केला तर भाकरीपेक्षाही सपाट होईल, हासुद्धा वाढवूनच केलाय.

"मंग अजून वाढवा. गिऱ्हाइकाला डोंगर दिसला पायजे."

"पोरांना उतार समजला पायजे, आप्पा."

"दिसल्याशिवाय समजंल कसा? तीन तीन पुठ्ठे लावा."

तुम्ही एकावर अडला होता. मी तीनवर बसलो होतो. चहा झाला, दुसरा झाला, आणि शेवटी घाटमाथ्याला दोन पुठ्ठे, खालच्या गोदाकाठाला एक, असा सौदा पटला. बालाघाट किती उंच असावा हे दोन माणसांनी चहा पीत ठरवलं, आणि त्यातला एक भूगोलाचा शिक्षक होता. नंतर ही गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगायचा. मलाही मजा वाटायची. तेव्हा वाटायची.

पुठ्ठे दोन झाल्यावर पायरी उंच झाली आणि भरायला प्लास्टर जास्त लागलं. एकाच घमेल्यात आपले दोघांचे हात होते. मूर्ती करणाऱ्याचा हात खड्डा दिसला की भरतो आणि खडबडीत दिसलं की गुळगुळीत करतो. तुमचा हात नवशिका, जाडजूड लिंपणारा. त्या भरावात घाटावरच्या एका गावाचा बारीकसा ओहोळ बुजला. तो कुणाच्या हातानं बुजला हे आजही कुणी सांगू शकत नाही. चूक निघाली तेव्हा मी म्हणालो होतो की तुमच्या, आणि आजही तेच म्हणतो.

पण ते पुढं. आधी तो पहिला तास. शाळेच्या व्हरांड्यात जिल्ह्याचा तो उठावाचा नकाशा ठेवला, भोवती नववीचा वर्ग, आणि तुम्ही काही न सांगता एका मुलीच्या हातात तांब्या दिलात. तुझ्या गावावर ओत म्हणालात. तिला गाव सापडेना, मग सगळ्यांनी मिळून शोधलं. पाणी पडलं, घरंगळलं, सिंदफणेत उतरलं आणि गोदावरीला जाऊन लागलं. दुसऱ्या पोरानं त्याच्या मामाच्या गावावर ओतलं तर ते उलट्या बाजूनं मांजरा नदीकडं गेलं. त्यावर वर्गात जो कालवा झाला तसा मी बाजारातही ऐकला नाही. जो तो आपलं गाव, आत्याचं गाव, बहिणीचं सासर ओलं करत होता. तुम्ही जलविभाजक हा शब्द फळ्यावर लिहिलात तो तास संपताना, सगळ्यांनी तो बोटानं चाचपून झाल्यावर. मी खांबाला टेकून उभा होतो. शाळा मला लवकर सोडावी लागली होती, आणि सुटली तेव्हा मला काही दुःख झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग मी त्या नकाशाचा साचा केला, त्यातून नकाशे काढले आणि शाळाशाळांतून फिरलो. तलवाड्यापासून आष्टीपर्यंत. मुख्याध्यापकांच्या टेबलावर नकाशा ठेवायचा, तांब्या मागवायचा, साहेबांना त्यांच्याच गावावर पाणी ओतायला लावायचं. तेवढं केलं की पुढचं बोलणं सोपं जायचं. शाळेच्या गेटातून आजवर मी खडू-डस्टर घेऊन शिपायाच्या मागं आत गेलो होतो. आता मुख्याध्यापक खुर्ची देत होते आणि पोरांना सांगत होते, हा नकाशा यांनी केला. सर, मूर्ती घेणारा कधी विचारत नाही कुणी केली. लोक हात जोडतात ते देवाला जोडतात, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या हातची वस्तू माझ्या नावानं ओळखली जावी, हे सुख मला त्या नकाशानं पहिल्यांदा दिलं.

आणि ते तुम्ही घालवलंत.

घाटावरच्या त्या गावच्या शाळेतून निरोप आला, की पोरं म्हणतात आमच्या ओढ्याचं पाणी मांजरेला जातं आणि तुमच्या नकाशात सिंदफणेला. तुम्ही रविवारी तिकडं गेलात, पोरांबरोबर ओढ्याच्या काठानं चालत गेलात आणि संध्याकाळी चिखलाच्या चपला घेऊन माझ्या दुकानात आलात. म्हणालात, पोरं बरोबर हायेत, सगळे नकाशे दुरुस्त करावे लागतील.

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. पुढच्या साच्यात सुधारू म्हणालो. एका गावाचं पाणी, कोण बघतंय म्हणालो. शेवटी मांजरासुद्धा लांबून का होईना गोदावरीलाच मिळते, हे तुम्हीच शिकवलंत, मग या अंगानं गेलं काय आणि त्या अंगानं गेलं काय? त्यावर तुम्ही हसलात. म्हणालात, गोदावरीला फरक पडत न्हाई, त्या गावाला पडतो.

मग मी आवाज चढवला. विकलेला माल चुकीचा आहे असं दुकानदारानं स्वतः जाऊन सांगितलं तर उद्या त्याच्याकडून कंपासपेटीसुद्धा कुणी घेणार नाही, हे मी तुम्हाला ओरडून सांगितलं. बाजारचा दिवस नव्हता, तरी माणसं जमली.

तुम्ही शेडाकडं बोट केलंत. "आप्पा, मूर्तीला तडा गेला तर तुमी इकता का?"

"न्हाई."

"कावून?"

"मूर्ती देव हाय. नकाशा काय देव हाय का?"

"देव न्हाई," तुम्ही म्हणालात. "पण पोरं त्याच्यावर तेवढाच भरोसा ठेवतात."

तुम्ही मला बरोबर चला म्हणालात. मी म्हणालो, मी येणार नाही. तुम्ही मान हलवली, पायरी उतरलात आणि गेलात.

सर, माझा राग इथं आहे. लोकांना वाटतं, तुम्ही माझ्या मालाचं नाव खराब केलं म्हणून मी रागावलो. तेही होतंच. तुम्ही दर रविवारी पिशवीत कानस, सुरी आणि प्लास्टर घेऊन एसटीनं एकेका शाळेत जायचा आणि वर्गापुढं सांगायचा, "हा नकाशा आम्ही एका जागी चुकवलाय, कुठं ते तुमी शोधा." पोरं पाणी ओतून ओतून शोधायची. बाजारात माझं हसं झालं. शेजारचा कापडवाला रोज विचारायचा, काय बे आप्पा, आज पाणी कुनीकडं चाललंय? मी नवे नकाशे करायचे थांबवले. हे सगळं खरं आहे. पण खरी गोष्ट अशी, की तुम्ही पायरी उतरलात तेव्हा मी दारात येऊन उभा राहिलो होतो. तुम्ही कोपऱ्यापर्यंत जाल, वळाल, पुन्हा एकदा म्हणाल, चला आप्पा. मी अजून थोडं ताणलं असतं, तुम्हाला चार शब्द ऐकवले असते आणि आलो असतो. तुम्हाला मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की पहिलं 'नाही' शेवटचं नसतं. तुम्ही वळला नाहीत. तुम्ही माझं बोलणं खरं धरलंत. सगळा जिल्हा मला घासाघीस करणारा म्हणून ओळखतो, आणि ज्या एका सौद्यात मला हरायचं होतं तो तुम्ही अर्ध्यावर सोडून गेलात.

मीही हाक मारली नाही, असं तुम्ही म्हणाल. दुकानदारानं कधी हाक मारायची याचे आमचे नियम असतात.

पुढं आपण बोललो ते रस्त्यातल्या रामराम-सलामाइतकंच. पण प्लास्टर तुम्ही माझ्याच दुकानातून मागवत राहिलात. पोरं यायची, हबीब सरांना पुडी पाहिजे म्हणायची. माझ्याच मालावर कानस चालवायला माझंच प्लास्टर. मी एकदाही नाही म्हटलं नाही. पुडीत नेहमी ताज्या पोत्यातलं द्यायचो, कारण जुनं प्लास्टर नीट धरत नाही आणि तुमचा हात आधीच कच्चा. तुम्हाला ते कळलं होतं का, हे आता विचारता येणार नाही.

दफनानंतर काही दिवसांनी मी तुमच्या घरी गेलो. भाभींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आप्पा, एक शाळा राह्यली. आष्टीकडची. पाय सुजल्यावर त्यांना बस चढता येत न्हवती. रोज म्हणायचे, एक राह्यली." त्यांनी मला जा म्हटलं नाही. दाराच्या खुंटीवर तुमची पिशवी होती. मी पिशवीकडं पाहिलं, तशी त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली.

परवा मी त्या शाळेत जाऊन आलो.

तिथला नकाशा भिंतीवर टांगलेला होता, देवाच्या तसबिरीसारखा. वरून धूळ. भूगोल शिकवणाऱ्या मॅडम नवीन होत्या. नकाशावर पाणी ओतायचं असतं हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं त्यात चूक आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. कधी झालंही नसतं. सर, मी खोटं कशाला बोलू, मनात आलं की मॅडमना नमस्कार करावा, चहा घ्यावा आणि परतीची बस धरावी. माझं नाव निदान एका शाळेत तरी शाबूत राहिलं असतं. मी थोडा वेळ त्या नकाशासमोर उभा राहिलो. रंग अजून चांगला होता. काम चांगलंच होतं आपलं.

मग मी मॅडमना म्हणालो, हा खाली घ्या, आणि तांब्याभर पाणी मागवा.

वर्ग भोवती बसला. तुमच्यासारखं बोलायला मला येत नाही. मी बाजारात बोलतो तसाच बोललो. हा नकाशा एका जागी चुकलाय, घाटावर बघा, ज्याला सापडंल त्यानं सांगा. त्यांना वेळ लागला. त्या गावचं तिथं कुणी नव्हतं. पण एका पोराची आजी त्या बाजूची निघाली, आणि तो सुट्टीत तिथल्या ओढ्यात पोहलेला होता. त्यानं ओतलं, पाहिलं आणि म्हणाला, हे पाणी उलटं चाललंय. मी सुरी काढली. बुजलेला ओहोळ कोरला, पलीकडच्या बाजूला थोडं प्लास्टर घालून उंचवटा केला. ओला हात फिरवताना गुळगुळीत करायचा मोह होत होता. केला नाही.

प्लास्टर धरेपर्यंत थांबायचं होतं. पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, हे कुनी चुकवलं?"

मी म्हणालो, "त्याच्यावर आमचं भांडण हाय, ते मिटलं न्हाई. पण नकाशा दोघांनी केलाय. हबीब सरांनी आन् मी."

"मंग ते कावून न्हाई आले?"

मॅडम तिला गप्प करायला लागल्या. मी म्हणालो, विचारू द्या. आणि तिला सांगितलं, "ते बाकीच्या सगळ्या शाळांत जाऊन आले. ही एक माझ्याकडं दिली."

तिला ते पटलं. तिनं बोटानं प्लास्टर वाळलंय का ते चाचपलं आणि तांब्या उचलला. पाणी त्या गावावर पडलं, नव्या कोरलेल्या जागी क्षणभर थांबलं, आणि मग मांजरेकडं गेलं, सर.